पाठशाळेतील पहिला तास आणि गाणारा कवी

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त भरलेल्या पाठशाळा-शिक्षक मेळाव्यातील व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी संस्थेच्या वास्तूचा, दानशूर दात्यांचा आणि जीर्णोद्धाराचा इतिहास सांगितला जातो व तो सांगितला जावा हे उचितच आहे. परंतु पन्नास वर्षांच्या अहवालात एक नोंद सहसा सापडत नाही. नेहमीचे गुरुजी आजारी पडले, लग्नकार्यासाठी परगावी गेले, यात्रेला गेले, त्या रविवारी पाठशाळा कोणी घेतली? पाठशाळा तर भरलेली असते. मुले आलेली असतात, णमोकार मंत्र झालेला असतो, प्रभावनेचा खाऊ वाटलेला असतो. कोणीतरी उभे राहिले होते, हे निश्चित. ते कोण, आणि उभे राहताना त्याच्या मनाची अवस्था काय होती, हे मात्र कोणी विचारीत नाही. आजचा विषय ती बदली शिक्षक व्यक्ती हा आहे. आणि तिच्या जोडीने दुसरीही एक व्यक्ती आहे, जिच्याकडे प्रथमदर्शनी पाठशाळेचा काही संबंध दिसत नाही. ती म्हणजे स्वतः रचलेली पदे स्वतःच श्रोत्यांसमोर बसून गाणारा कवी.

या दोघांची गाठ पडली त्या एका शनिवार-रविवारची हकिकत प्रथम सांगितली पाहिजे. गाव कृष्णाकाठचे, तालुक्याचे. व्यक्तींची नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. अशी गावे आणि अशी माणसे आपल्या भागात पुष्कळ आहेत.

दशलक्षण पर्वाचे दिवस होते. पावसाची झड लागून राहिली होती. अठ्ठावीस वर्षे पाठशाळा चालविणारे गुरुजी मंदिराच्या ओल्या पायरीवरून घसरले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. प्लास्टर सहा आठवड्यांचे. शनिवारी दुपारी त्यांनी शेजारच्या घरातील सुनेला बोलावणे पाठविले. या भगिनी विज्ञानाच्या पदवीधर, सहकारी बँकेत नोकरीला, दोन मुलांची आई. मुलांना मंदिरात नेणे-आणणे यापलीकडे पाठशाळेशी त्यांचा संबंध नव्हता.

"वहिनी, उद्याची पाठशाळा तेवढी सांभाळा," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, मला नाही जमायचं. मी कधी शिकवलेलं नाही."

"मीसुद्धा कधीतरी पहिल्यांदाच शिकवलं होतं की."

एवढ्यावर संभाषण संपले. कारण प्लास्टर घातलेल्या वृद्धाशी किती वाद घालणार?

त्या दुपारी घरी आल्या आणि जुन्या वह्या, पाठशाळेची पुस्तके पुढ्यात घेऊन बसल्या. बँकेत दिवसाला शंभर माणसांशी बोलणाऱ्या स्त्रीला तीस मुलांची धास्ती वाटावी, याचे नवल वाटेल. परंतु काउंटरच्या पलीकडचा माणूस ठरावीक कामासाठी आलेला असतो आणि त्याचे काम झाले की तो जातो. पाठशाळेतील मूल कशासाठी आले आहे हे त्याला स्वतःलाही नेमके ठाऊक नसते. ते नुसते पाहत असते. शिवाय त्या मुलांत त्यांचा स्वतःचा मुलगाही होता. आपली आई सर्वांसमोर अडखळली, असे त्याला वाटले तर? संध्याकाळपर्यंत चार पाने टिपणे तयार झाली. चोवीस तीर्थंकर, त्यांची चिन्हे, पंचपरमेष्ठींचे मूलगुण, दशधर्मांची नावे. टिपणांची पाने वाढली तशी भीतीही वाढली.

रात्री आरतीनंतर मंदिरात भजनाचा कार्यक्रम होता. त्यांना जायचे नव्हते. परंतु निसरड्या रस्त्याने सासूबाईंना एकट्या कसे पाठवायचे, म्हणून त्या गेल्या.

गाणारे गृहस्थ शेजारच्या गावचे एक शेतकरी कवी होते. वय साठीच्या पुढचे. पदे त्यांनीच रचलेली, बहुतेक अभंगाच्या आणि ओवीच्या चालीवर. पेटीही तेच वाजवीत. पुतण्या तबल्यावर, आणि टाळ धरायला गावचेच एक आजोबा. पहिले पद ध्वनिक्षेपकावरून झाले. त्यांचा आवाज फारसा गोड नव्हता, आणि कर्ण्यातून तो अधिकच खरखरीत येत होता. मागे बसलेली मंडळी गप्पा मारीत होती. दुसरे पद सुरू होणार तोच भारनियमनाची वेळ झाली आणि वीज गेली.

ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना या प्रसंगाचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. दोन कंदील आले. ध्वनिक्षेपक मुका झाला. कवीने पेटी उचलली, सभामंडपाच्या मध्यभागी आणून ठेवली आणि मुलांना म्हणाले, "पुढं या, पोरांनो. आता तुम्हालाच ऐकू जाणार आहे." मुले सरकत सरकत पेटीला येऊन चिकटली. मोठ्यांनाही जवळ यावे लागले. गप्पा आपोआप थांबल्या.

त्यांनी नेमिनाथांच्या विवाहाचे पद सुरू केले. वरात निघाली आहे, रथ सजला आहे, राजुलमती सौधावरून वाट पाहत आहे; आणि वाटेत वऱ्हाडाच्या भोजनासाठी कोंडलेले पशू आक्रंदत आहेत. कथा प्रत्येकाला माहीत होती. परंतु कवीने कोंडवाड्याशी येताच गाणे थांबविले, भाता सोडला आणि समोरच्या मुलांना विचारले, "कोण कोण असंल आत?" एकजण म्हणाला, हरीण. दुसरा म्हणाला, ससा. कवीने दोघांनाही तिथल्या तिथे ओळीत बसविले आणि गाऊन दाखविले. मग मुले सुटलीच. मोर आला, बोकड आला, कोणीतरी हत्ती म्हणाले, तर कवी म्हणाले, "हत्तीला कोंडणारा कोंडवाडा आमच्या पदात न्हाई बघ." पुढच्या कडव्याला ते स्वतःच अडले. रचलेली ओळ आठवेना. पेटीचा एक स्वर धरून ते दोन-तीन क्षण तसेच बसले, मग हसले आणि म्हणाले, "माझंच हाय, आणि माझ्याच ध्यानात न्हाई." पुढे बसलेल्या एका आजीबाईंनी ती ओळ सांगितली, मागच्या वर्षीच्या पर्वात त्यांनी ती ऐकलेली होती. कवीने आजींना हात जोडले आणि पद पुढे सुरू झाले. रथ माघारी फिरला तेव्हा सभामंडपात पावसाचा आवाज आणि पेटी यांखेरीज काही ऐकू येत नव्हते.

वीज पुढे तासाभराने आली. कोणीतरी घाईने ध्वनिक्षेपकाचे बटण दाबले, तेव्हा तीन-चारजण एकदम म्हणाले, "राहू द्या."

येथे थोडे थांबून हा गाणारा कवी आपल्या परंपरेत कोठून आला, याचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही. जैन समाजाची ख्याती व्यापारी समाज म्हणून आहे, ग्रंथभांडारांचा समाज म्हणूनही आहे. परंतु हा गाणाऱ्या कवींचा समाज आहे, याची जाणीव आपल्यातच क्षीण होत चालली आहे. दशलक्षण पर्वात आजही घरोघरी म्हटली जाणारी दशलक्षण पूजा कविवर द्यानतरायांची आहे. ते सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आग्र्यात जन्मले. प्रत्येक पाठशाळेत शिकविली जाणारी 'छहढाला' पंडित दौलतरामांनी विक्रम संवत १८९१, म्हणजे इ. स. १८३४ च्या अक्षय तृतीयेला पूर्ण केली. दौलतराम कापडावर छिटाची छपाई करीत आणि समोर ग्रंथ ठेवून काम करता करता गाथा पाठ करीत, असे परंपरेने सांगितले जाते. श्वेतांबर परंपरेत आनंदघनांची पदे आहेत, आणि त्या आनंदघनांच्या भेटीने भारावून उपाध्याय यशोविजयांसारख्या प्रकांड पंडिताने त्यांच्यावर अष्टपदी रचली. आपल्या मराठी मुलखात अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी ब्रह्म महतिसागरांनी अभंग व आरत्या रचल्या. दहीगाव क्षेत्राशी त्यांचे नाव जोडलेले आहे. ही सारी रचना मूलतः कानांसाठी झालेली आहे. छापील पुस्तक फार नंतर आले.

यात सर्वांत बोलके उदाहरण कविवर बनारसीदासांचे आहे. ते इ. स. १५८६ मध्ये जौनपूरला जन्मले आणि पंचावन्नाव्या वर्षी, इ. स. १६४१ मध्ये, त्यांनी 'अर्धकथानक' हे आत्मचरित्र पद्यात लिहिले. माणसाचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरले तर हे अर्धेच, म्हणून अर्धकथानक. त्यात त्यांनी आपली फजिती लपविलेली नाही. तरुणपणी व्यापारासाठी ते आग्र्याला गेले आणि होते नव्हते ते गमावून बसले. बाजारात जाण्याची सोय राहिली नाही. तेव्हा संध्याकाळी घरी बसून ते 'मधुमालती' आणि 'मृगावती' या दोन प्रेमाख्यानांच्या पोथ्या गाऊन वाचीत. दहा-वीस माणसे ऐकायला जमत. त्या श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून ते उधारीवर कचोऱ्या घेऊन खात. काही दिवसांनी त्यांनी एकांतात त्याला खरे सांगून टाकले, की आपल्याकडे पैसे नाहीत, उधार देणे बंद करा. कचोरीवाल्याने उधारी बंद केली नाही. कित्येक महिने ती तशीच चालू राहिली, आणि पुढे दिवस पालटल्यावर बनारसीदासांनी हिशेब चुकता केला.

त्या कचोरीवाल्याला बनारसीदास पुढे 'समयसार नाटक' रचणार आहेत हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याला एवढेच कळत होते की हा माणूस रोज संध्याकाळी गातो आणि ते ऐकावेसे वाटते. हिंदीतील पहिले आत्मचरित्र लिहिणाऱ्या कवीचे ते महिने एका श्रोत्याच्या भरवशावर निघाले, ही गोष्ट आपल्या साहित्याच्या इतिहासात ठळक अक्षरांत लिहिली गेली पाहिजे.

अलीकडच्या काळातील नाव घ्यायचे तर रवींद्र जैन यांचे घ्यावे लागेल. जन्म २८ फेब्रुवारी १९४४, अलिगढ. जन्मतः दृष्टी नाही. बालपणी जैन मंदिरांतून भजने म्हणता म्हणता ते गाऊ लागले. तरुणपणी कलकत्त्यात त्यांनी संगीताच्या शिकवण्या केल्या आणि मग ते मुंबईस आले. 'गीत गाता चल', 'चितचोर', 'अँखियों के झरोखों से' या चित्रपटांची गाणी सर्वांना पाठ आहेत. १९८७-८८ मधील 'रामायण' मालिकेमुळे त्यांचा आवाज घरोघरी पोहोचला. शब्द त्यांचे, चाल त्यांची आणि पुष्कळदा कंठही त्यांचाच. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. येथे त्यांचा उल्लेख एका विशिष्ट कारणासाठी आहे. समोरचा श्रोता त्यांनी आयुष्यात कधी पाहिला नाही. सभागृह भरलेले आहे की रिकामे, लोक रमले आहेत की कंटाळले आहेत, हे सारे त्यांना कानांनीच समजून घ्यावे लागे. गाता गाता समोरच्यांना ऐकत राहणे हेही गायकाचेच काम आहे, हे त्यांच्याइतके क्वचितच कोणाला करावे लागले असेल.

ध्वनिफितीला ही जबाबदारी नसते. गेल्या काही दशकांत मंदिरांतून प्रथम कॅसेट आल्या, मग सीडी आल्या, आता भ्रमणध्वनीच ध्वनिक्षेपकाला जोडला जातो. गाणे निर्दोष वाजते. ओळ कधी विसरत नाही. परंतु त्या रात्री आजीबाईंनी जी ओळ सांगितली ती कॅसेटला कोणी सांगितली असती? ज्या गाण्याला आपली गरज नाही त्याच्यासमोर बसून माणसे गप्पा मारतात, यात त्यांचा फार दोष नाही.

आता त्या रविवारकडे वळू.

सकाळी आठ वाजता स्वाध्याय भवनात एकतीस मुले हजर होती. त्या भगिनींच्या घशाला कोरड पडली होती. हजेरी घेताना दोन नावे चुकीची वाचली गेली आणि मुले हसली. मागच्या रांगेतील एक सातवीतला मुलगा उभा राहिला, "गुरुजी नाहीत, मग सुट्टीच ना?" असे म्हणाला आणि उत्तराची वाट न पाहता चपला घालून निघून गेला. त्याला थांबवावे की जाऊ द्यावे, हे ठरविण्याच्या आतच तो फाटकाबाहेर गेलेला होता. णमोकार मंत्र झाला. टिपणांची चार पाने दहा मिनिटांत संपली. घड्याळात आठ वाजून वीस मिनिटे झाली होती आणि पाठशाळा साडेनऊपर्यंत होती! ज्याने कधी शिकविले आहे त्याला त्या सत्तर मिनिटांची लांबी समजेल.

म्हणून त्यांनी तीर्थंकरांची चिन्हे पुन्हा विचारायला सुरुवात केली. वृषभनाथ, बैल. अजितनाथ, हत्ती. संभवनाथ, घोडा. अभिनंदननाथ, माकड. सुमतिनाथ म्हणताच दोन उत्तरे आली. एक मुलगा म्हणाला, चकवा. एक मुलगी म्हणाली, क्रौंच. मुलगा म्हणाला, चूक. मुलगी म्हणाली, आमच्या आजोबांनी शिकवलंय, चूक कसं असेल? ही मुलगी गावातील मोजक्या श्वेतांबर घरांपैकी एकातील होती. सर्व जैन मुलांची पाठशाळा एकच असल्यामुळे ती येथेच येई. एकतीस, नव्हे तीस, जोडी डोळे बाईंकडे वळले.

त्यांच्या टिपणात 'चकवा' लिहिलेले होते. टिपण वाचून दाखविणे सोपे होते. मुलगी गप्प बसली असती, आणि बहुधा पुढच्या रविवारी आली नसती. त्या क्षणी त्यांना पेटीचा स्वर धरून बसलेले कवी आठवले, असे त्यांनी पुढे गुरुजींना सांगितले.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आज गुरुजींना विचारते आणि पुढच्या रविवारी सांगते."

वर्गात क्षणभर शांतता पसरली. मोठ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य त्या मुलांनी फारसे ऐकलेले नसावे. मग चकवेवाला मुलगा म्हणाला, "मग तोपर्यंत दोन्ही लिहायचं का?" दोन्ही लिहायचे ठरले. फळ्यावर दोन्ही लिहिले गेले. (गुरुजींनी संध्याकाळी उलगडा केला: सुमतिनाथांचे चिन्ह दिगंबर आम्नायात चकवा आणि श्वेतांबर आम्नायात क्रौंच मानले जाते. शीतलनाथांचेही तसेच आहे, एकीकडे कल्पवृक्ष तर दुसरीकडे श्रीवत्स. अरनाथांचे मासा आणि नंद्यावर्त. अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न वर्गात कोणी विचारला नव्हता, असेही ते म्हणाले. आणि ते म्हणताना थोडे विचारात पडले.)

नेमिनाथांपाशी येईपर्यंत मुलेच म्हणू लागली, कालचे गाणे म्हणूया. बाईंचा आवाज बेताचाच. धृपदाची चाल सर्वांना आठवत होती, कडव्यांचे शब्द कोणालाच नीट आठवत नव्हते. तीस मुलांनी मिळून ते पद अतिशय बेसूर म्हटले. कोंडवाड्यातील प्राण्यांची यादी आदल्या रात्रीपेक्षा लांबली आणि हत्तीही अखेर आत गेलाच. गाणे संपल्यावर पहिलीतली एक चिमुरडी उभी राहिली आणि गंभीरपणे विचारती झाली, "बाई, मग वऱ्हाडाला जेवायला काय मिळालं?"

बाईंना हसू आवरेना. मुलेही हसली. त्या हसण्यात त्यांची भीती गेली, म्हणजे कधी गेली हे त्यांच्या ध्यानातही आले नाही. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. वऱ्हाडाला शाकाहारी जेवण करता आले नसते का, रथ थांबवायलाच हवा होता का, राजुलला कोणी विचारले का, अशी चर्चा सुरू झाली आणि ती गिरनारपर्यंत जाऊन पोहोचली. साडेनऊची घंटा वाजली तेव्हा राजुलमतीने काय करावे याविषयी मुली आणि मुलगे यांचे एकमत झालेले नव्हते.

या प्रसंगाला शास्त्राचा आधार द्यायचा म्हणून नव्हे, परंतु एक आठवण येथे अपरिहार्यपणे होते. भगवान महावीरांना केवलज्ञान झाल्यावर सहासष्ट दिवस दिव्यध्वनी प्रकट झाली नाही, असे दिगंबर परंपरा सांगते. समवसरण सिद्ध होते, श्रोते येत होते. परंतु ती वाणी झेलणारा गणधर आलेला नव्हता. इंद्रभूती गौतम आले आणि राजगृहीच्या विपुलाचलावर पहिली देशना झाली. श्वेतांबर परंपरेत कथा वेगळी आहे: पहिली देशना झाली, परंतु ती ऐकून कोणीही व्रत घेतले नाही, आणि ही घटना दहा आश्चर्यांमध्ये गणली गेली. तीर्थंकरांची आणि पाठशाळेतील बदली शिक्षिकेची तुलना कोणी करणार नाही. तो अविनय होईल. परंतु बोलणाऱ्याइतकेच ऐकणाऱ्यालाही महत्त्व देण्याच्या बाबतीत दोन्ही परंपरा एकाच ठिकाणी येतात, हे विसरता येत नाही. पहिला तास घेणारा माणूस स्वतःकडे पाहत असतो: आपला आवाज, आपले अज्ञान, आपली फजिती. तेथपर्यंत भीती राहणारच. समोरचे मूल दिसू लागले, ऐकू येऊ लागले, की पाहण्यासारखे दुसरे काही मिळते.

आता थोडे संस्थेच्या दृष्टीने. बदली शिक्षक हा आपत्तीच्या वेळी शोधायचा माणूस आहे, ही समजूत विश्वस्त मंडळांनी सोडून द्यावयास हवी. गुरुजींचा पाय मोडल्यावर शनिवारी दुपारी माणूस शोधला तर त्याची शनिवारची रात्र कशी जाईल, हे उघड आहे. त्याऐवजी समाजातील तीन-चार तरुण श्रावक-श्राविकांनी वर्षभरात अधूनमधून वर्गात नुसते मागे बसावे. मुलांची नावे कानावर पडावीत. मुलाचे नाव बरोबर घेता आले तरी पहिल्या तासाची अर्धी धास्ती सरते. गुरुजींनी एक साधी वही ठेवावी आणि कोठवर शिकविले ते तीत लिहावे. अध्यापनाची पदवी हवीच, असा आग्रह धरू नये. स्वतःचे शालेय शिक्षण अपुरे राहिलेले कर्मवीर भाऊराव पाटील तरुणपणी साताऱ्यात शिकवण्या घेत आणि 'पाटील मास्तर' म्हणून ओळखले जात; रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये, त्यानंतर आली. कुंभोजच्या या सुपुत्राचे उदाहरण आपल्याच समाजाला परके वाटू नये.

आणि गाणाऱ्या कवींविषयी एक विनंती. ग्रामीण भागात अशी मंडळी अजूनही आहेत. पर्वाच्या कार्यक्रमात मोठ्या वाद्यवृंदाला हजारो रुपये देताना विश्वस्तांचा हात आखडत नाही. या कवीची बोळवण मात्र शाल आणि श्रीफळावर होते. त्याला येण्या-जाण्याच्या खर्चासह योग्य मानधन दिले पाहिजे. त्याच्या पदांची वही कोणीतरी उतरवून घेतली पाहिजे. त्या रात्रीच्या कवीची सारी पदे एका जुन्या रोजमेळाच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीने लिहिलेली होती, आणि पेन्सिल पुसट होत चालली होती. कार्यक्रमाच्या वेळी मुलांना पुढे बसवावे. मान्यवरांच्या खुर्च्या मागे गेल्या तरी चालतील. ध्वनिक्षेपक लहान कार्यक्रमाला लावूच नये, असे म्हटले तर अनेकांना ते रुचणार नाही. पण एकदा करून पाहावे.

त्या गावची हकिकत थोडी राहिली आहे. वहिनींनी सहा रविवार पाठशाळा घेतली. दुसऱ्या रविवारीही घशाला कोरड पडली होती, तिसऱ्याही. पुढे ती कमी होत गेली, पूर्ण गेली असे त्या म्हणत नाहीत. चिन्हांची यादी दोन रकान्यांत लिहून भिंतीवर लागली. ती मुलगी आणि तो मुलगा यांनीच ती लिहिली, आणि 'साळिंदर' हा शब्द दोघांनीही चुकविला. सातव्या रविवारी गुरुजी काठी टेकीत आले. मुलांनी जागा करून दिली, पण ते पुढे गेले नाहीत. मागच्या भिंतीला टेकून, पाय लांब करून बसले आणि म्हणाले, "चालू द्या, वहिनी. आज मी ऐकायला आलोय." त्यांना समोर पाहून वहिनींचे पहिले वाक्य पुन्हा अडखळले. तेव्हापासून एक रविवार गुरुजींचा आणि एक वहिनींचा, असा क्रम लागला आणि गुरुजी होते तोवर तो चालला.

पहिल्या दिवशी चपला घालून निघून गेलेला मुलगा मात्र पुन्हा आला नाही. त्या दोनदा त्याच्या घरी जाऊन आल्या. एकदा तो क्रिकेट खेळायला गेला होता, एकदा शिकवणीला. पुढे तो शिक्षणासाठी पुण्याला गेला. आजही पाठशाळा सुरू करण्यापूर्वी त्या दारातील चपलांचे जोड मोजतात आणि मगच हजेरीपत्रक उघडतात.

जयजिनेंद्र.